नुसतं बघायला आलोय

दुकानात शिरताना बहुतेक लोक एक चूक करतात. दारातच जाहीर करून टाकतात, 'काही नाही, नुसतं बघायला आलोय.' बोकडाने खाटकाला 'मी आपला जरा सावलीला आलोय' म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. गेली तीस वर्षं मी लक्ष्मी रोडवर अशी सावलीला जाते आणि पिशव्या घेऊन परत येते. त्यामुळे आग्रही विक्रेत्यांशी कसं वागावं, यावर सल्ला देण्याचा अधिकार मला आहे असं मी समजते. पाण्याबद्दल विचारायचं तर बुडणाऱ्याला विचारावं. काठावर उभे असतात त्यांना काय कळतंय.

साडीच्या दुकानापासून सुरुवात करू. दुकानात जायचं ते पोटभर जेवून, वेळ काढून आणि चपला पटकन निघतील अशा घालून. गादीसमोर बसलात की विचारतील, 'रेंज काय काढू, ताई?' इथे खोटं बोलू नका. दोन हजारांची हवी असेल तर दोन हजार सांगा. तो मान डोलावेल, वरच्या पोराला ओरडून काहीतरी टाकायला सांगेल आणि पाच हजारांची साडी एका झटक्यात तुमच्यासमोर उलगडेल. 'ही घेऊ नका हं. नुसती बघा.' तुम्ही बघता. त्यानंतर दोन हजारांच्या साड्या येतात त्या पायपुसण्यासारख्या दिसतात. शेवटी तुम्ही साडेतीन हजारांना साडी घेता आणि घरी येऊन सांगता, दीड हजार वाचवले. वाचवलेच ते. त्यावर शंका घेणाऱ्या माणसांशी फार बोलू नये.

साधारण पंधराव्या साडीनंतर मनात एक विचार येतो, की एवढ्या घड्या मोडायला लावल्या, आता उठायचं कसं? हा विचार अजिबात झटकू नका. साड्या उलगडणं आणि पुन्हा घड्या घालणं हेच त्या पोराचं काम आहे, दिवसाला शेकडो घड्या तो घालतो, आणि तुम्ही घेतली काय न घेतली काय, त्याला त्या घालायच्याच आहेत, असलं काही मनात आणू नका. तेवढ्यात चहा येतो. दहा रुपयांच्या चहाची साडेतीन हजारांनी परतफेड करणं याला आपल्याकडे संस्कार म्हणतात. 'भीड भिकेची बहीण' असं माझी आजी म्हणायची खरी, पण आजीला कुठल्या दुकानात कुणी चहा पाजला नव्हता.

खरं तर पुण्यात आमच्या पिढीची तयारीच नाही हो. माझ्या लहानपणी दुकानदाराला आपल्याला काही विकावंसं वाटे, असा पुरावा नव्हता. 'तो वरचा रंग दाखवता का' म्हटलं की 'घेणार असाल तर काढतो' असं उत्तर यायचं, आणि एक ते चार त्याची झोप. नकार देण्याचं खातं संपूर्णपणे दुकानदाराकडे होतं. मधल्या काळात ते गुपचूप आपल्याकडे आलं आणि आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

दुकानातल्या नातेसंबंधांकडेही लक्ष असू द्या, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळत राहतं. दारात असता तेव्हा 'या ताई'. बसलात की 'वहिनी', कारण सोबत हे असतात आणि पाकीट यांच्याच खिशात असणार असा दुकानाचा पिढीजात समज आहे. किंमत ऐकून गप्प झालात की 'मॅडम'. 'जरा फिरून येतो' म्हणालात की 'काकू'. आणि खरोखरच उठलात तर पाठीमागून आवाज येतो, 'मावशी, चपला त्या बाजूला.' चाळीस मिनिटांत माझं वय वीस वर्षांनी वाढलेलं मी अनुभवलं आहे.

यांना सोबत न्यायचं की नाही, यावर मतभेद आहेत. मी म्हणते न्यावं. लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या एकाही साडीचा रंग त्यांनी ओळखलेला नाही. पण तिथे त्यांना खुर्ची मिळते, थंड मिळतं आणि साक्षीदाराचा मान मिळतो. 'साहेब, तुम्हीच सांगा, वहिनींना खुलतोय की नाही?' साहेबांना घरी क्रिकेट बघायचं असतं. साहेब म्हणतात, 'उत्तम!' त्या 'उत्तम'ची किंमत आजवर कधी तीन हजारांच्या खाली गेलेली नाही.

आता काही हुशार लोक म्हणतील, आपल्याला मालातलं कळत असलं की विक्रेता दबून राहतो. मीही तसंच समजत होते. भाचीच्या लग्नाआधी पैठणीबद्दल बरंच वाचून गेले. येवला आणि पैठणच्या या साडीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, रेशमाची खूण वेगळी, हातमागाची खूण वेगळी, आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे पदर उलटा करून बघायचा. हाताने विणलेला असेल तर मोर मागूनही तेवढाच देखणा दिसतो. यंत्रमागावरचा असेल तर मागे धाग्यांचं जंजाळ. मी गादीवर बसले, एकही शब्द न बोलता पदर उलटा केला आणि चष्म्यावरून विक्रेत्याकडे बघितलं. तो घाबरेल अशी अपेक्षा होती. त्याचा चेहरा उजळला. 'वा! ताईंना कळतं! अरे बाळ्या, हे सगळं आवर. ताईंसाठी आतलं कपाट उघड.' आतलं कपाट पंचवीस हजारांपासून सुरू होत होतं. ज्याला कळतं त्याला स्वस्तातलं दाखवणं हा त्याचा अपमान, असं तो मला समजावत होता आणि मला ते पटत होतं. तेव्हा माझा सल्ला असा, की अभ्यास करावा, पण तो घरी ठेवून जावं.

सोनाराकडे मी फारशी जात नाही, त्यामुळे थोडक्यात सांगते. तिथे आग्रह नसतो, शांतता असते. मखमलीचा ट्रे पुढे सरकतो आणि 'घडणावळीवर ५० टक्के सूट' असं हळुवार सांगितलं जातं. निम्मं झालेलं ते मूळ किती होतं आणि कुणी ठरवलं, हे विचारणं असंस्कृतपणाचं लक्षण आहे. तुम्ही हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक भिंगातून शोधत बसा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे आणि शोधण्यात वेळ छान जातो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात मात्र सावध राहण्याची काहीच गरज नाही, कारण तिथे एवढे मदतनीस असतात. मी मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग आणायला गेले होते. रिंग नव्हती. फ्रिज होते. एका फ्रिजसमोर मी अर्धा सेकंद थांबले असेन, तर तीन मुलगे तीन दिशांनी आले, तिघांचे टी-शर्ट तीन रंगांचे. ही मुलं दुकानाची नसतात बरं का. एकेका कंपनीने आपापला माल खपवायला उभी केलेली असतात, त्यांना प्रमोटर म्हणतात. त्यामुळे निःपक्षपाती सल्ला हवा असेल तर त्यांनाच विचारावं. 'तुझ्या घरी कुठला आहे?' असं मी निळ्या टी-शर्टला विचारलं. तो म्हणाला, 'हाच, मॅडम.' नंतर बोलता बोलता कळलं की तो चौघांबरोबर खोली घेऊन राहतो आणि त्यांच्याकडे माठ आहे.

तरी फ्रिज मी त्याच्याकडूनच घेतला. दहा वर्षं याला हात लावावा लागणार नाही, असं त्याने अर्धा तास पटवून दिलं. पटलं. बिलाच्या खिडकीपाशी पोचलो आणि त्याचा आवाज एकदम खाली आला, आजारी माणसाच्या खोलीबाहेर येतो तसा. 'मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका. कॉम्प्रेसर गेला, बोर्ड गेला, गॅस गेला...' हयातीची दहा वर्षं फ्रिजने त्या वीस पावलांत जगून टाकली होती. अशा वेळी 'मग मगाशी काय म्हणत होतास?' असं विचारू नये. पोराचा चेहरा पडतो आणि मग आपण वॉरंटी घेतोच.

पैसे हप्त्याने द्यायचे असतील तर बिनव्याजी हप्ते असतात. शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच अस्तित्वात नसतो, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना लिहून कळवलं होतं. पण रिझर्व्ह बँक मुंबईत फोर्टात बसते आणि हा मुलगा समोर उभा आहे. कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. प्रोसेसिंग फी आणि रोख घेतलं असतं तर मिळाली असती ती सूट, एवढं सोडलं तर व्याज खरंच शून्य असतं.

मग मोबाइल नंबर. 'नंबर सांगा मॅडम, त्याशिवाय बिल होत नाही.' केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं आहे, की बिलासाठी मोबाइल नंबरचा हट्ट धरू नका. हे तुम्हाला ठाऊक असायला हवं आणि तुम्ही ते तिथे बोलता कामा नये. मागे सात जण उभे असतात, त्यातल्या एकाच्या कडेवर रडणारं मूल असतं. मी एकदा बोलले. काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, 'मॅडम, सिस्टिम पुढे जात नाही.' सरकार पुढे गेलं आहे, सिस्टिम मागे राहिली आहे. मग मी यांचा नंबर दिला. आता सेलचे निरोप यांना येतात, आणि क्रिकेटच्या मधोमध येतात, हे त्यातल्या त्यात बरं.

जाता जाता भिंतीवरची पाटी वाचून घ्या, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' सदोष वस्तू बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीला १९१५ हा फोन नंबरही आहे. पण पाटी फार सुबक रंगवलेली असते आणि शेजारी देवाची तसबीर असते, त्यामुळे ती देवाचीच इच्छा वाटते.

सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर मी फक्त एकदा बसले. बसले म्हणजे खरोखर बसले, उंच स्टुलावर. मुलीने माझ्या गालाला यंत्र लावलं आणि पडद्यावर चंद्राचा पृष्ठभाग दाखवला. तो माझा गाल होता. तिने मला तीन बाटल्या काढून दिल्या आणि बोलता बोलता एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, परत पहिल्यावर. मी म्हटलं, तू पण बस की. ती हसली. 'ते कस्टमरसाठी आहे, मॅडम.' सकाळी साडेदहापासून उभी होती. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये, दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय दिलीच पाहिजे, असा कायद्यात बदल केला. म्हणजे उभं ठेवण्याची रीत बरीच पक्की असणार. मी विचारलं, दिवसाला किती बाटल्या? तर म्हणाली, दिवसाचं सोडा, महिन्याचं टार्गेट असतं, या वेळी निम्मंसुद्धा नाही झालं. तारीख होती २९. तेव्हापासून माझं निरीक्षण असं आहे, की कुणी आपुलकीने चौकशी करावी असं वाटत असेल तर २७ तारखेनंतर बाजारात जावं. पहिल्या आठवड्यात तुम्हाला कुणी ताईसुद्धा म्हणणार नाही.

तिन्ही बाटल्या घेतल्या. एक उघडली आहे.

बाकी कपाटात फॉल न लावलेल्या चार साड्या पडून होत्या. देण्याघेण्याला होतील म्हणून ठेवल्या होत्या. पण एक डाळिंबी अशी आहे, की ती कुणाला दिली तर संबंध संपायचे. परवा शेजारची नवी सून इडलीचा डबा परत द्यायला आली. गावाकडे नणंदेचं लग्न आहे, साड्या बघायच्या आहेत म्हणाली. मी म्हटलं, आत ये, माझ्याकडे आहेत चार, अगदी कोऱ्या, ज्या किमतीला घेतल्या त्याच किमतीला. ती दारातच घुटमळली.

'घेऊ नकोस गं,' मी म्हटलं, 'नुसतं बघ.'

चपला तिने बाहेर काढलेल्याच होत्या. मी आधी चहा टाकला.