'अनुदान हवं असतं' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

'चित्र ऑनलाइन मांडावं का?' या माझ्या मागच्या लेखावर 'कलाप्रेमी' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा शाळेत मधल्या सुट्टीत, एकदा संध्याकाळी घरी, आणि एकदा रात्री, झोप लागेना म्हणून. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांना थोडक्यात सांगतो. माझा लेख एवढंच म्हणत होता की परभणी, हिंगोली, बीडसारख्या गावात बसून हाताने चित्रं काढणाऱ्या माणसाने ऑनलाइन चित्रबाजारात उतरण्याआधी एका चित्रामागे हातात काय उरतं ते कागदावर मांडून बघावं, आणि माझ्या हिशेबाने फारसं उरत नाही. त्यावर कलाप्रेमींचं म्हणणं असं: शुल्काचा आकडा जुना दिलाय, गॅलरीही तेवढंच कमिशन घेते, आजकाल मूळ चित्रापेक्षा प्रिंट विकतात, हे मला कळलेलं नाही, त्यांची लातूरची भाची घरबसल्या कमावते. आणि शेवटी हे: 'मराठवाड्यातल्या कलाकारांना बाजार नको असतो, अनुदान हवं असतं. जरा अपडेट व्हा, सर.'

आधी माझ्या चुकीबद्दल बोलतो. एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेचं विक्रीवरचं शुल्क मी ५ टक्के लिहिलं होतं. ते ११ एप्रिल २०२२ पासून साडेसहा टक्के आहे. मी ऑनलाइन उतरलो तेव्हा, २०२० साली, ते ५ होतं आणि तोच आकडा डोक्यात राहिला. चूक माझी, मूळ लेखात दुरुस्त केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. पण कलाप्रेमी, आकडा दुरुस्त केल्यावर तुमचा मुद्दा पुढे सरकतो की माझा? शुल्क वाढलंय. आणि ते नुसत्या चित्राच्या किमतीवर नाही, गिऱ्हाइकाकडून पाठवणीचे म्हणून जे पैसे घेतो त्यांच्यावरही लागतं. शिवाय प्रत्येक चित्र मांडायचे २० सेंट, ते चार महिन्यांनी संपतात, पुन्हा भरायचे. चित्र विकलं जावो न जावो.

आता त्या वाक्याकडे येतो.

टीका करायला माझी ना नाही. या पानावर माझ्या चित्रांना 'कॅलेंडरछाप' म्हणणारी प्रतिक्रियाही आहे, मी ती काढलेली नाही. पण तुम्ही माझ्या हिशेबावर न बोलता माझ्या मुलखावर बोललात. एका माणसाचं गणित पटलं नाही म्हणून आठ जिल्ह्यांच्या कलाकारांना एका ओळीत आळशी ठरवलंत. हे मुंबई-पुण्याच्या कुणी लिहिलं असतं तर सवयीने सोडून दिलं असतं. भाची लातूरची म्हणजे तुम्ही बहुधा इकडचेच, म्हणून जास्त लागलं.

माझे वडील बोर्ड पेंटर होते. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीच्या दुकानांवर जी नावं होती त्यातली कितीतरी त्यांच्या हातची. खडूची दोरी मारायची, अक्षराची उंची ठरवायची, ऑइल पेंटचा डबा काठीने ढवळायचा आणि शिडीवर चढायचं. फुटावर मजुरी. मी चौथीत असल्यापासून शिडी धरायला जात होतो. अक्षराच्या पोटातली जागा कशी सोडायची हे मला त्यांनी शिकवलं, कॉलेजात नंतर कळलं की त्याला शास्त्र आहे. मग फ्लेक्स आला. जो बोर्ड रंगवायला दोन दिवस लागायचे तो तासाभरात छापून मिळायला लागला आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचं काम बसलं. तेव्हा ते कुणाच्या दारात अर्ज घेऊन गेले नाहीत. पन्नाशी उलटलेला माणूस फ्लेक्सच्याच दुकानात कडेला पितळी कड्या ठोकायच्या कामाला लागला, कारण घरात दोन पोरं शिकत होती. नवं तंत्र आलं की काय होतं हे मला वाचून कळलेलं नाही. 'अपडेट व्हा' हे मला सांगताना तुम्हाला हे माहीत नव्हतं, मान्य. पण माहीत नव्हतं तर विचारायचं होतं.

अनुदान हा शब्द आमच्या घरात आला तो 'विनाअनुदानित' या शब्दातून. एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, करून मी चित्रकला शिक्षक म्हणून लागलो त्या शाळेत पहिली सहा वर्षं महिना अडीच हजार मानधन होतं, तेही तीन-तीन महिने थांबून. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांचे वर्ग घेतले, लग्नाच्या हॉलच्या भिंती रंगवल्या, गणपतीचे देखावे केले. रंग त्यातून आणले. आजवर एकाही शासकीय योजनेचा रुपया माझ्या चित्रांत नाही. ज्यांनी घेतला त्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण माझ्याबद्दल तरी तुमचं वाक्य खोटं आहे.

आणि बाजार नको असतो? जानेवारी २०१४ मध्ये मी अकरा कॅनव्हास गुंडाळून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून मी बाहेरच्या फुटपाथवर, इतर चित्रकारांच्या ओळीत, चार दिवस उभा राहिलो. दोन चित्रं गेली. त्यातलं एक घेणाऱ्या दादरच्या बाईंनी दुधना नदीच्या कोरड्या पात्राच्या चित्रापुढे वीस मिनिटं उभं राहून मला विचारलं, ही नदी कुठे आहे. त्यांनी नंतर आणखी पाच चित्रं घेतली. दर दिवाळीला फोन येतो. बाजार म्हणजे काय ते मला तिथे कळलं: विकणारा आणि घेणारा एकमेकांना दिसतात.

मोंढ्यात शेतकरी माल घालतो तेव्हा अडत्या त्याच्या हातात पट्टी देतो. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती. पट्टीवर भांडणं होतात, शिव्या होतात, पण ती हातात असते आणि माल कुणी उचलला हे डोळ्यांपुढे असतं. ऑनलाइन मला काय दिसलं? 'तुमचं चित्र ४१ वेळा पाहिलं गेलं.' कुणी पाहिलं, का सोडलं, किंमत जास्त वाटली की फोटो वाईट होता, काही नाही. ज्या बाजारपेठेवर माझं मोठं खातं होतं तिच्या नियमांत पार्सलमध्ये स्वतःचं कार्ड टाकायलाही मनाई होती. म्हणजे दादरच्या बाईंसारखं माणूस तिथे भेटलं असतं तरी ते माझं झालं नसतं.

तुम्ही मला प्रयत्न न करणारा म्हणालात म्हणून हे सगळं लिहितोय. २०२० ते २०२४, चार वर्षं, एट्सी आणि चाळीस टक्के कमिशन घेणारी दुसरी एक बाजारपेठ, अशा दोन ठिकाणी मिळून मी ६४ चित्रं मांडली. सकाळी आठच्या आत गच्चीवर नेऊन फोटो काढायचे, कारण आमच्याकडे नऊनंतर उन्हाने रंग मरतात. कॅमेरा दुसऱ्याचा. इंग्रजी वर्णनं पुण्यात शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने लिहून दिली. विकली गेली तीन. आणि त्या तिघांपैकी दोन गिऱ्हाइकं मी स्वतः व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून आली होती. माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक, माझ्या फोनवरून गेलेलं, आणि कमिशन कापलं पूर्ण चाळीस टक्के. तिथे कमिशन भरण्याजोगं नेमकं काय झालं, हा प्रश्न मूळ लेखात होता. तुमच्या प्रतिक्रियेत त्याला एक शब्द नाही.

त्यातल्या एका चित्राची पट्टी देतो. तीन बाय चार फुटांचं, किंमत २०,००० रुपये. कमिशन ८,०००. कॅनव्हास, रंग, लाकडी फ्रेम २,६००. पॅकिंग १,१००. कुरिअर १,४००. उरले ६,९००. चित्राला २२ दिवस लागले होते. म्हणजे रोज तीनशे तेरा रुपये. आमच्याकडे सोयाबीन काढायला याहून जास्त रोज मिळतो. हे उन्हात राबणाऱ्या माणसाला कमी लेखून म्हणत नाही, माझ्या घरचे लोक त्या कामावर गेलेले आहेत.

कुरिअर १,४०० एवढ्यावर भागलं त्याचंही कारण आहे. हवाई कुरिअर नुसत्या वजनावर पैसे घेत नाही, खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांत जे जास्त भरेल त्यावर घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचं. फ्रेमला ताणलेलं तीन बाय चारचं चित्र नीट बांधलं की खोकं होतं १०० बाय १३० बाय १० सेंटिमीटर. भागाकार करून बघा, २६ किलो. प्रत्यक्षात ते सहा किलोही भरत नाही. म्हणून मी खिळे काढले, कॅनव्हास गुंडाळून पाइपात घातला, ते तीन किलोत बसलं. तर गिऱ्हाइकाचा निरोप, भिंतीवर टांगायला तयार हवं होतं. तिसरं चित्र तर परतच आलं, रंग फोटोसारखा नाही म्हणून. परतीचा खर्च माझ्याकडे, आणि येताना कॅनव्हास कुणीतरी उलट्या बाजूने गुंडाळलेला, आकाशाच्या भागात रंगाला तडे गेलेले. ते चित्र माझ्या कपाटामागे उभं आहे. या बाबी तुम्हाला किरकोळ वाटत असतील. परभणीहून पार्सल पाठवून बघा.

जीएसटीचं एका वाक्यात: हातच्या चित्रांवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला ही चांगली गोष्ट झाली, पण ऑनलाइन बाजारपेठेवरून राज्याबाहेर विकायचं तर क्रमांक काढा, विवरणपत्रं भरा, भरून देणाऱ्याला पैसे द्या, हे वर्षाला तीन चित्रं विकणाऱ्यालाही चुकत नाही. परदेशाचंही स्वप्न दाखवू नका. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे थांबवावी लागली, आणि तिकडे विकणाऱ्या छोट्या माणसांचे त्यात हाल झाले.

गॅलरीही चाळीस टक्के घेते म्हणता. घेते. पण ती भिंत देते, दिवा देते, आणि बघायला येणारी माणसं तिने जोडलेली असतात. माझ्या व्हॉट्सॲपवरची नसतात.

प्रिंटचा विषय माझ्या लेखाचा नव्हता, लेख मूळ चित्रांवर होता, ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. तरी काढलाच आहे तर सांगतो. माझं तेच दुधनेचं चित्र उशीच्या अभ्र्यावर छापून कुणीतरी एका संकेतस्थळावर विकायला ठेवलं होतं. मला न विचारता. तक्रार केल्यावर नऊ दिवसांनी ते पान गेलं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने परत आलं. मोठा फोटो ऑनलाइन टाकल्याची ती किंमत.

तुम्ही स्वतःचं नावही न लिहिता माझ्या अख्ख्या मुलखाचं नाव घेतलंत, हे मला सगळ्यांत जास्त खटकलं. मी माझ्या नावाने लिहितो, गावाच्या नावासकट. आणि 'सर' म्हणताय ते म्हणू नका. मला सर म्हणणारी पोरं पहिल्या बाकावर बसून चुकीची रेघ मारतात आणि खोडरबर मागतात, ती मला कधी अपडेट व्हा म्हणत नाहीत. त्यातली दोन-तीन दरवर्षी विचारतात, सर, चित्र ऑनलाइन टाकू का? त्यांच्यासाठी तो लेख होता. 'टाकू नका' असं मी त्यात कुठेही म्हटलेलं नाही. छोटी कामं, दोन किलोच्या आत बसणारी, कागदावरची, आणि लिंक आपल्याच माणसांना पाठवायची असेल तर कमिशनच्या दुकानाऐवजी सरळ यूपीआयने पैसे घ्यायचे, असं लिहिलंय. पुन्हा वाचा. रागाने वाचलंत म्हणून ते दिसलं नसेल.

तुमच्या भाचीचं मनापासून कौतुक वाटतं. लातूरची मुलगी हाताने काहीतरी करून चार पैसे मिळवते याचा मला आनंदच आहे, आणि तिचे आकडे माझ्यापेक्षा चांगले असतील तर ते मी याच पानावर छापीन. तिला एवढंच विचारून कळवा: तिच्या गिऱ्हाइकांपैकी किती जण तिला न ओळखता, त्या बाजारपेठेवर फिरता फिरता आले, आणि किती जण तिने स्वतः पाठवलेल्या लिंकवरून?