फर्लर अडकला की विंच? चुकूनही नको

फर्लर म्हणजे होडीचं पुढचं शीड गुंडाळून ठेवणारी यंत्रणा. फर्लरवाल्या, शिडाच्या छोट्या होड्यांसाठी ‘रामबाण’ म्हणून एक मेसेज फिरतोय. नुकतीच होडी घेतलेल्या भाच्याने तो मला पाठवला, खाली प्रश्न: ‘मामा, असंच करायचं ना?’ नाही रे बाबा. मेसेजमध्ये चार सल्ले आहेत. हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) जमेल तेवढा ताणा, मग तो फॉइलभोवती (शीड जिच्यावर गुंडाळलं जातं त्या नळीभोवती) गुंडाळत नाही. फर्लर अडकला तर फर्लिंगची दोरी (शीड गुंडाळायला ओढायची ती) विंचवर, म्हणजे हँडल फिरवून दोरी ओढायच्या चरकावर, घ्या. शीड उंचीला आखूड असलं तरी चालतं. आणि स्विव्हेलमध्ये (शिडाचं डोकं हॅलियार्डला जोडणाऱ्या फिरत्या भागात) दरवर्षी ग्रीस भरा.

आधी विंचचं, कारण त्या सल्ल्याने डोलकाठी खाली येऊ शकते. छोट्या होडीचा फर्लर हाताने फिरलाच पाहिजे. हाताला दाद देत नसेल तर वर काहीतरी अडकलंय, एवढाच त्याचा अर्थ. १६:१ ताकदीच्या विंचच्या हँडलवर १५ किलोचा जोर लावला, तर घर्षण सोडून दोरीवर २४० किलोचा ताण येतो. तो खालच्या ड्रमला, म्हणजे ही दोरी गुंडाळलेल्या चाकाला, फिरवतो आणि पीळ थेट फॉइलच्या वरच्या टोकाला पोचतो, जिथे हॅलियार्डचे वेढे आधीच आवळून बसलेत. मग फॉइल पिळवटतं, हॅलियार्ड सोलवटतो आणि आतल्या फोरस्टेचा पीळ उलगडून त्याच्या तारा एकेक करून तुटू लागतात. खाली डेकवर उभ्या माणसाला यातलं काही दिसत नाही. फोरस्टे म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, हे मेसेज लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

अडकल्यावर करायचं ते उलटंच. ओढणं थांबवा, दुर्बिणीने वर बघा. गुंडाळताना अडकलं असेल तर फर्लिंगची दोरी हाताने थोडी थोडी सोडत, शीटवर (शीड ओढून धरणाऱ्या दोरीवर) हलका ताण ठेवून शीड परत उलगडा. वेढे आले त्याच वाटेने सुटतात. शीड पूर्ण उलगडल्याशिवाय ते खाली उतरवायच्या फंदात पडू नका.

आता मूळ कारण. स्विव्हेलचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो, वरचा हॅलियार्डने जागेवर धरायचा असतो. हॅलियार्ड फोरस्टेला जवळजवळ समांतर असेल तर त्या वरच्या भागाला अडवणारं काहीच नसतं. तो फिरतो आणि हॅलियार्डला सोबत ओढतो. म्हणून हार्केन या फर्लर बनवणाऱ्या कंपनीच्या मार्गदर्शिकेत हॅलियार्ड फोरस्टेपासून मागच्या बाजूला ८ ते १० अंशांवर हवा असं सांगितलंय. सगळा खेळ या कोनाचा आहे, जोराचा नाही.

आणि म्हणूनच आखूड शीड ‘चालत’ नाही. ढोबळ हिशेब करा: डोलकाठीवरची हॅलियार्डची पुली फोरस्टेच्या ३ सेंटिमीटर मागे आहे. स्विव्हेल तिच्या २० सेंटिमीटर खाली असेल तर कोन साडेआठ अंशांचा पडतो. तोच ८० सेंटिमीटर खाली राहिला तर जेमतेम दोन. उपाय म्हणजे पेंडंट, तारेचा किंवा डायनीमा या मजबूत दोरीचा तुकडा. शीड चढवून लफ (शिडाची पुढची कड) ताणा, स्विव्हेल अजून किती वर जायला हवा ते मोजा आणि तेवढ्या लांबीचा तुकडा शिडाचं डोकं आणि स्विव्हेल यांच्यामध्ये लावा. स्विव्हेल आणि हॅलियार्डच्या मध्ये लावलात तर फक्त हॅलियार्डच लांबवलात, फायदा शून्य. लफ ताणायला वर थोडी जागा राहू द्या. स्विव्हेल फॉइलच्या टोकावरून निसटता कामा नये. एवढं करूनही कोन कमी पडला तर डोलकाठीच्या पुढच्या बाजूला पुलीखाली हॅलियार्ड रिस्ट्रेनर बसवा. तो हॅलियार्डला काठीकडे खेचून धरतो. मात्र फार खेचला तर घर्षण वाढतं.

पहिल्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, मान्य. ढिला हॅलियार्ड सहज गुंडाळतो. पण लफवरच्या आडव्या सुरकुत्या गेल्या की ताण पुरे. त्यापुढे बेअरिंगवर भार वाढतो आणि स्विव्हेल जड फिरतो, म्हणजे जे टाळायचं तेच. ढिला असू नये तो फोरस्टे. बॅकस्टे, म्हणजे काठीला मागून धरणारी तार, ताणून मगच फर्ल करा.

ग्रीसचं उत्तर फर्लरप्रमाणे बदलतं. हार्केनची टॉरलॉन या प्लास्टिकची बेअरिंग गोड्या पाण्याने धुवायची असतात. ग्रीसमध्ये मीठ आणि धूळ चिकटून बसते. आणि स्पिनेकरचा (पुढच्या मोठ्या फुगीर शिडाचा) मोकळा हॅलियार्ड फोरस्टेजवळ लोंबत ठेवू नका. तोही गुंडाळतो, आणि दोष मात्र जिबच्या, म्हणजे फर्लरवरच्या शिडाच्या, हॅलियार्डवर येतो.