‘मराठी माणसानेच लुबाडलं’ : एक तारा देणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय मराठीत आहे, म्हणून उत्तरही मराठीतच देते. आमच्या नेहमीच्या रँचवाल्या गिऱ्हाइकांना यातलं अक्षरही कळणार नाही, पण डॅलस-ऑस्टिनकडची बरीच मराठी मंडळी हल्ली टेक्सासातल्या सॅन अँजेलोला आली की आमच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात डोकावतात. तुमचं लिखाण त्यांनी वाचलंय आणि मला विचारलंयही.

आधी तुमचं म्हणणं काय ते मांडते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. तुम्ही आमच्याकडून खोकडाच्या मूत्राच्या दोन बाटल्या आणि स्कंक या घाण वासाचा फवारा मारणाऱ्या प्राण्याच्या अर्काची एक कुपी घेतलीत. हे सगळं जॅकेटला, टोपीला आणि बुटांना चोपडून मित्राच्या रँचवर पहाटे शिकारीला बसलात. कायोटी, म्हणजे इकडचा कोल्ह्यासारखा प्राणी, आला, दीडशे यार्डांवर थबकला आणि मागे वळून जो सुटला तो परत दिसला नाही. म्हणून माल बनावट. शिवाय काउंटरवरच्या आमच्या माणसाने ‘रात्री काय जेवलात’ असं विचारून तुमचा अपमान केला, फोडलेली बाटली आम्ही परत घेतली नाही, गाडीला अजून वास येतोय, आणि मराठी माणूसच मराठी माणसाला लुबाडतो.

माल बनावट नाही. त्या बाटलीने जे करायचं असतं ते तुम्ही तिला करूच दिलं नाहीत, आणि जे कुठल्याही बाटलीला जमत नाही ते तिच्याकडून मागितलंत. पहाटे काय झालं ते तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय: ‘उत्तरेचा बोचरा वारा होता म्हणून त्याच्याकडे पाठ करून बसलो, समोर पन्नास यार्डांवर कॉल मशीन ठेवली.’ (ही मशीन सशाची किंकाळी वाजवून कायोटीला बोलावते.) वारा पाठीवर म्हणजे तुमच्या अंगावरून निघालेली हवा सरळ मशीनकडे आणि तिच्या पलीकडे, जिथून जनावर यायचं त्याच मोकळ्या रानात. ताशी 10 मैलांचा वारा धरला तर तो सेकंदाला साडेचार मीटर जातो. दीडशे यार्ड कापायला त्याला अर्धं मिनिट लागतं. मशीनमधला ससा पहिल्यांदा किंचाळला त्याआधीच तुमची खबर पुढे गेलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, पण मूत्र लावलं होतं ना! लावलं होतं, आणि कायोटीला ते आलंही असणार. खोकडाचं मूत्र, स्कंक, जॅकेट, आणि जॅकेटातला माणूस, सगळं एकाच वेळी. आपलं नाक उग्र वासापुढे हार मानतं, कुत्र्याच्या जातीचं नाक मानत नाही. मुंबईहून येताना ज्यांनी गोडा मसाला आणि मेतकुटाच्या पाकिटांखाली हापूस दडवलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. विमानतळावरचं ते जाकिटातलं बीगल जातीचं कुत्रं शांतपणे येतं आणि बरोबर तुमच्याच बॅगेपाशी बसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने ही कुत्री 1984 साली लॉस एंजेलिसला आणली, आणि मसाल्याच्या वासाने आजवर त्यांचं फारसं काही अडलेलं नाही. कायोटीचं नाक त्याच घराण्यातलं, आणि त्याचं रोजचं पोट त्या नाकावर चालतं.

माणसाचा वास म्हणजे नुसता घाम, असं बऱ्याच जणांना वाटतं. काखेतल्या घामाला मुळात वास नसतो, तिथले जिवाणू तो फोडतात तेव्हा येतो. त्यात श्वास मिळवा, केस मिळवा, आणि कातडीचे ते बारीक कण मिळवा, जे आपल्या अंगावरून क्षणाक्षणाला गळत असतात. थंडीच्या पहाटे आपल्या अंगाची ऊब आजूबाजूच्या हवेला वर उचलते, तिच्याबरोबर हे सगळं वर चढतं आणि वारा ते घेऊन जातो. आंघोळ करून आलात तरी तासाभरात कारखाना पुन्हा सुरू. बिनवासाचा साबण, खायचा सोडा घालून धुतलेले कपडे, ते वेगळ्या बंद डब्यात ठेवणं, रबरी बूट, पेट्रोल पंपावर ते न घालणं, या सवयी मी कुणाला सोडायला सांगणार नाही. त्यांनी वास कमी होतो, संपत नाही. दुसऱ्या बाजूला जे नाक आहे त्याला ‘कमी’ पुरतं.

कार्बनचा थर दिलेले, वास शोषून घेणारे महागडे सूट येतात. जॉन शिविक या वन्यजीव संशोधकांनी तसे सूट घातलेली माणसं शोधक कुत्र्यांना हुडकायला लावली होती, 2002 साली ते छापून आलं. सूट असो वा नसो, कुत्र्यांनी माणसं शोधून काढली. मी ते सूट दुकानात ठेवत नाही. गाडीत लावायची ओझोनची यंत्रंही ठेवत नाही, कारण वास जाईल तेवढा ओझोन सोडायचा तर आधी आपल्याच छातीला त्रास. हा नफा मी रोज सोडते. लुबाडायचंच असतं तर पंधरा डॉलरची बाटली कशाला विकली असती?

मग बाटल्या विकता कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तर त्या अंगाला लावायच्या नसतात. शेल्फवर तसं लिहिलेलं आहे आणि आमच्या माणसाने तुम्हाला तोंडीही सांगितलं होतं. कापसाच्या बोळ्यावर थोडं मूत्र घ्यायचं आणि मशीनजवळच्या मेस्किटच्या झुडपाच्या खालच्या फांदीला, कायोटीच्या नाकाच्या उंचीवर, लावायचं. किंकाळी ऐकून आलेलं जनावर ससा दिसत नाही म्हणून नाकाने पडताळा घेतं. तिथे त्याला ओळखीचा वास मिळाला तर ते दोन-चार सेकंद घुटमळतं. बस, एवढंच. पण नेम धरून बसलेल्या माणसाला तेवढे सेकंद पुष्कळ होतात. जानेवारी-फेब्रुवारीत, त्यांच्या जोड्या जमण्याच्या दिवसांत, मी खोकडापेक्षा कायोटीचंच मूत्र सुचवते. परक्या कायोटीची खूण हद्दीत सापडली की धनी चौकशीला येतो.

गंधाने कायोटी ओढला जातो यात शंकाच नाही. सरकारी लोकांनी सत्तरच्या दशकात कायोटींची मोजदाद गंधावरच बसवली होती. चाळलेल्या मातीचं गोल रिंगण, मधोमध आंबलेल्या अंड्यासारख्या वासाचं आमिष, आणि सकाळी मातीत पावलांचे ठसे पाहायचे. आमच्या टेक्सासात 1995 पासून रेबीजच्या लशीची आमिषं विमानातून टाकली, त्यांना मासळीच्या कुटीचा वास. दक्षिणेकडच्या कायोटींनी ती खाल्ली, आणि कुत्र्यांतल्या रेबीजचा तो प्रकार देशातून गेल्याचं 2007 साली जाहीर झालं. फासे लावणारे तर गंधाशिवाय कामच करू शकत नाहीत. त्यांना जनावराचं पाऊल काही इंचांच्या जागेत आणायचं असतं, आणि ते स्वतः तिथे बसलेले नसतात. हातमोजे, रबरी बूट, गुडघ्याखाली चटई, हे सोवळं त्यांना शोभतं. आमची ती बाटली मुख्यतः हेच लोक नेतात. यातल्या कुणीही गंध स्वतःच्या अंगाला फासला नाही.

राहिला वारा. कायोटी आवाजावर सरळ चालून येईल असं धरू नका. तो वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखालच्या बाजूला जायला बघतो, कारण डोळ्यांपेक्षा आणि कानांपेक्षा त्याचा नाकावर भरवसा. हे थांबवता येत नाही, पण वापरता येतं. वारा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे जाईल असं बसा. मशीन चाळीस-पन्नास यार्डांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. आणि वाऱ्याखालची बाजू उघडी, झुडपांवाचूनची असू द्या, म्हणजे तो वळसा घेताना तुमच्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधी दिसेल. दाट सीडरच्या कडेला पाठ लावून बसलात आणि वाऱ्याखाली गच्च झाडी असली, तर तो आला होता हे तुम्हाला कळणारही नाही. गाडी उंचवट्याच्या आड लावा, आणि तो जिथून यावा असं वाटतं त्या रानातून चालत जाऊ नका. पहाटे गार हवा उतारावरून नाल्यात वाहते, ऊन चढलं की उलटी वर येते, तेव्हा नाल्याच्या काठी बसणाऱ्याने आठच्या सुमाराला जागा बदललेली बरी. वारा अगदी पडलेला असेल तर मी घरीच चहा पिईन, कारण तेव्हा वास कुठे साचेल याचा नेम नसतो.

म्हणूनच आमच्या माणसाने तुम्हाला पावडरची छोटी बाटली पुढे केली. ‘दोन डॉलरची टाल्कम गळ्यात मारत होता’ असं तुम्ही लिहिलंय. दाबली की भुकटी उडते आणि हवा कुठे चाललीय ते दिसतं. या दुकानातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे आणि तुम्ही ती काउंटरवर ठेवून गेलात.

जेवणाचा प्रश्न. आमचा माणूस तो सगळ्यांना विचारतो. बार्बेक्यूच्या धुरात रात्र काढलेल्यांना विचारतो, तंबाखू चघळणाऱ्यांना विचारतो, डिझेलच्या टाकीपाशी काम करणाऱ्यांना तर आधी विचारतो. गडी इथल्या रानातला आहे, बोलणं राकट आहे, पण त्यात तुमच्या रंगाचा किंवा ताटाचा संबंध नव्हता. लसणाचा वास श्वासातून तासन्‌तास येतो आणि मेथी घामात उतरते हे खरंच आहे, माझ्या घरात दोन्ही रोज असतं. तरीही माझं मत विचाराल तर लसूण खाऊन योग्य वाऱ्यावर बसलेला माणूस उपाशी राहून चुकीच्या वाऱ्यावर बसलेल्यापेक्षा बरा. ज्या जनावराला माणूस नको आहे त्याला त्या माणसाने काय खाल्लं याने काय फरक पडतो?

उलट, ज्या रानात तेलाचे पंप आहेत आणि रोज कामगारांच्या गाड्या फिरतात, तिथल्या कायोटीला माणसाचा वास आला तरी तो दर वेळी पळत नाही. वास कुठे आणि कधी आला यावर ते असतं. नेहमीच्या वाटेवर जुना वास चालतो, पण सशाच्या किंकाळीजवळ ताजा वास आला की तो तिथे थांबत नाही.

आणि तुमच्या अभिप्रायात एक वाक्य आहे, ‘हा कसला कोल्हा, याला तर काकडी दिली तरी आला नसता.’ विनोद आवडला. पण इथे कलिंगडाच्या मळेवाल्यांना विचारा. पिकलेलं फळ बरोबर निवडून फोडणारा चोर हाच असतो.

फोडलेली बाटली परत घेत नाही, हे पावतीवर छापलेलं आहे. मूत्र उघडलं की त्यातला युरिया फुटून अमोनिया होत जातो आणि काही आठवड्यांनी खोकड असो की कायोटी, सगळ्यांना तोच झणझणीत वास येतो. अशी बाटली मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. तुमची दुसरी बाटली सीलबंद असेल तर पावतीसकट आणा, पूर्ण पैसे मिळतील. पावडरची बाटली माझ्याकडून न्या, तिचे पैसे नकोत.

तुमच्या मित्राने खाली विचारलंय, त्यालाही इथेच सांगते: टेक्सासात कायोटीला बंद हंगाम नाही, पण शिकारीचा परवाना लागतो, आणि 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही. जमिनीच्या मालकाची परवानगी तर हवीच. भारतातून कुणीतरी ‘कुरियर करता का’ असं लिहिलंय. नाही करत. तिकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्या-लांडग्यांची शिकार गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.

आता गाडी. स्कंकचा अर्क सीटवर सांडला असेल तर टोमॅटोचा रस, लिंबू, अगरबत्ती यातलं काही करू नका, वासावर वास चढतो. साधारण एक लिटर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा आणि एक चमचा भांड्यांचा द्रव साबण, ही पॉल क्रेबॉम या रसायनशास्त्रज्ञाची कृती 1993 पासून सगळीकडे वापरतात. स्कंकच्या वासाचं मूळ असलेली गंधकाची संयुगं त्याने मोडतात. उघड्या बादलीत कालवा, लगेच वापरा, पाच मिनिटांनी पुसून काढा. उरलेलं बाटलीत भरून झाकण लावू नका, वायू साठून ती फुटते. कापडाचा रंग उडू शकतो, तेव्हा आधी सीटच्या खालच्या कोपऱ्यावर लावून बघा. ताजं पेरॉक्साइड कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं, त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही.