‘एसईलिनक्स बंद करा’ या मेसेजबाबत खुलासा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय: “फायरवॉल आहे ना? मग एसईलिनक्स बंदच करा, दोन्हींचं काम एकच. नाहीतर वेबसाइटला ४०३ येतो.” (एसईलिनक्स म्हणजे लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा; ४०३ म्हणजे ‘हे पान पाहायला परवानगी नाही’ हा एरर.)

काम एकच, हे साफ चुकीचं. फायरवॉल नेटवर्कवरची ये-जा अडवते. एसईलिनक्स २००३ पासून लिनक्स कर्नलचाच (गाभ्याचाच) भाग आहे आणि ते आत चालणाऱ्या सेवेला बांधून ठेवतं. अपाचीत (वेबसाइट पुरवणाऱ्या सेवेत) कोणी घुसलाच, तरी एसईलिनक्सच्या धोरणाने (नियमांनी) अपाचीला नेमून दिलेल्या फाइली आणि पोर्ट यांपलीकडे त्याचा हात सहसा पोचत नाही. फाइलीच्या परवानग्या कितीही सैल असोत.

४०३ची तक्रार मात्र खरी आहे. होम फोल्डरमधली फाइल ‘एमव्ही’ कमांडने वेबसाइटच्या फोल्डरमध्ये हलवली की जुनं लेबल (फाइल कुठल्या प्रकारची, हे सांगणारी एसईलिनक्सची खूण) सोबत येतं आणि अपाचीला ती वाचता येत नाही. (इथे ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, मारणारे महाभाग असतात. उपयोग शून्य, धोका फुकट.) ‘रिस्टोअरकॉन’ कमांड चालवा, लेबल दुरुस्त होतं. तरीही अडलं, तर तेवढीच सेवा परमिसिव्ह (न अडवता फक्त नोंद) करा: नकार लॉगमध्ये दिसतात, बाकी सेवा बंदिस्तच राहतात. सगळंच बंद केलंत, तर त्या काळात बनलेल्या फाइलींना लेबल लागत नाही आणि पुन्हा चालू करताना अख्खी फाइल सिस्टीम रीलेबल करावी लागते.