पैसे भरलेत ना? मग संशयित तुम्हीच

गेम विकत घेताय? छान, पण 'खरेदी करा' या बटणावर फार विश्वास ठेवू नका, तुम्ही गेम घेत नाही आहात, कंपनीचं मन फिरेपर्यंत खेळायची परवानगी घेताय. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा असा कायदा कॅलिफोर्नियात 2025 पासून लागू झाला आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने तर आधीच पैसे भरायच्या पानावर तशी एक ओळ टाकली. ती वाचू नका, उगाच मूड जातो.

मग नेट चालू ठेवायचं, तुम्ही चोरीचा गेम तर खेळत नाही ना हे कंपनीला तपासायचं असतं. एकट्याने खेळायच्या गेमला नेट कशाला, असले बावळट प्रश्न विचारायचे नाहीत. असॅसिन्स क्रीड 2 या गेमला युबिसॉफ्ट या कंपनीने 2010 मध्ये हीच अट घातली, मार्चमध्ये सर्व्हर बसले आणि रीतसर पैसे मोजलेली मंडळी बसली दाराबाहेर. स्पोअर या गेमला 2008 मध्ये तीनच ॲक्टिव्हेशन, म्हणजे कंपनीकडून गेम चालू करून घ्यायच्या खेपा, दिली होती, म्हणजे चौथ्यांदा टाकायचा तर कंपनीला फोन करा. आणि त्या वर्षी टॉरेंटवरून, म्हणजे चोरून फुकट, भरपूर उतरवला गेलेला गेम कुठला? अहो तोच!

तरी गेमचं कुलूप तोडून वाटणाऱ्या क्रॅकवाल्यांच्या नादी लागायचं नाही हं, एक तर ते बेकायदेशीर, शिवाय त्या फाईलसोबत कॉम्प्युटरमध्ये अजून कोण राहायला येईल सांगता येत नाही. हां, क्रॅक कंपनीने स्वतः दिला तर चालतो. खोटं वाटतंय? रेनबो सिक्स व्हेगास 2 डाउनलोड करून घेणाऱ्यांचा गेम डिस्क मागायला लागला, आता डाउनलोड केलेल्या गेमची डिस्क आणायची कुठून, तर युबिसॉफ्टने 2008 मध्ये अधिकृत पॅच, म्हणजे दुरुस्ती, म्हणून जी फाईल दिली ती निघाली रीलोडेड या क्रॅकर टोळीची. कुलूप आपलं, किल्ली मात्र चोराची, आणि वर आपल्यालाच दम की चोरी वाईट!

आणि गेममध्ये जीव गुंतवायचा नाही. युबिसॉफ्टचाच द क्रू हा गेम आला 2014 मध्ये, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद, एकट्याने खेळायचा भागही त्यासोबत गेला, वर लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सही काढून घेतलं. ज्यांना हे पटलं नाही ते 'स्टॉप किलिंग गेम्स' म्हणत सह्या गोळा करत बसले, युरोपात 10 लाखांच्या वर झाल्या. चिवट लोक आहेत.

तुमच्याकडे डिस्क आहे म्हणून हसू नका. सेफडिस्क या कॉपी रोखणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप असलेले जुने गेम विंडोज 10 ने 2015 पासून चालवणंच सोडलंय. डिस्क खरी, बिल खरं, तुम्ही खरे. कपाटात बाकी छान दिसते.