पत्रिकेवर नाव कसं छापून घ्यावं

बायांनो, स्त्रीवादी लेखिका व्हायचंय? मग आधी लग्न करा. नाहीतर संयोजक 'सौ.' कुठे चिकटवणार?

गेल्या रविवारी फोंड्याकडच्या एका वाचनालयात माझं भाषण होतं. विषय 'स्त्रीची ओळख'. वीस वर्षं मी माहेरच्या नावाने लिहिते. तीनदा सांगितलं, व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवलं. पत्रिकेत आलं काय, तर 'सौ.', मग लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेलं ते नाव आणि पुढे अख्खा घोव. विचारलं तर म्हणतात, "वहिनी, लोकांनी ओळखायला नको?"

तर पहिला सल्ला: हसावं, चहा घ्यावा.

आईवर लिहावं. आजीवर लिहिलंत तर डोळे पुसायलाही लोक तयार असतात.

कायद्याला मात्र हात लावू नये. 'आमच्या गोव्यात समान नागरी कायदा' म्हणावं, टाळी घ्यावी. लग्नाच्या नोंदणीच्या सह्या झाल्या की बाईचा मालमत्तेत अर्धा वाटा, हेही सांगावं. खोटं नाही ते. पण त्या मालमत्तेचा कारभार १८६७च्या पोर्तुगीज संहितेने नवऱ्याच्या हाती दिला, हे गिळावं. आणि १८८०चं फर्मान? बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही, तिशीपर्यंत मुलगा नाही, तर हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसरी करायची मुभा! मी ते काढलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. नंतर म्हणाले, "विषय जरा सुटला." सुटला? बाईच्या कुशीला मुदत घालणारा कायदा तिच्या ओळखीचा विषय नाही, मग काय, हळदीकुंकवाचं वाण?

फारच बोलावंसं वाटलं तर टोपणनाव घ्यावं. १९३३ साली बाळूताई खरे 'विभावरी शिरूरकर' झाल्या. लोक लिहिलेलं सोडून लिहिणारीला शोधत बसले. ताराबाई शिंद्यांसारखा हट्ट नको. १८८२ साली बुलढाण्यात बसून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, वर माहेरचं आडनाव. नवराच घरजावई, त्यामुळे 'वहिनी' म्हणायची सोय नव्हती. झोडपली लोकांनी. पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले.

पुरे झाली थट्टा. नाव नीट छापता येत नव्हतं असं नाही. अध्यक्षांचं 'डॉ.' विसरलात? त्यांच्या नावापुढे त्यांची बायको लावलीत? मला वहिनी म्हणू नका, तुमच्या भावाला मी ओळखत नाही. ओटीचा नारळ टेबलावरच ठेवून आलेय, घेऊन जा. आणि पुढच्या खेपेला बोलवायचं तर फोन मला करा. यंदाचा माझ्या नवऱ्याला केला होतात, "वहिनींना पाठवाल ना?" म्हणून.