ती तोफ कोंढाण्यावर कधीच नव्हती

आज आमच्या सोसायटीत शिवजयंती झाली. सकाळी पूजा, दुपारी वेशभूषा स्पर्धा, संध्याकाळी मुलांनी बसवलेलं कोंढाण्याचं नाटुकलं. पोरं गोड होती. घामानं मिशा सुटत होत्या, तानाजीची पगडी सारखी डोळ्यांवर येत होती आणि तो एका हातानं ती सावरत लढत होता. मग चार मावळ्यांनी (की मोगलांनी, कपडे सारखेच होते) विंगेतून एक तोफ ओढत आणली. प्लंबिंगचा जाडजूड पाइप, त्यावर काळा चकचकीत कागद, तोंडाशी थर्माकोलचा फणा. सूत्रधार मुलीनं माइकवर खणखणीत आवाजात सांगितलं, "राजगड उद्ध्वस्त करण्यासाठी उदयभानाने ही नागीण तोफ कोंढाण्यावर आणली, असे इतिहास सांगतो."

टाळ्या.

कुठला इतिहास सांगतो गं बाई?

कार्यक्रम संपल्यावर मी कमिटीतल्या काकांना अगदी हसतहसत म्हटलं, की पुढच्या वर्षी ती तोफ तेवढी नको. तर म्हणाले, "अहो ताई, पोरांनी एवढी मेहनत घेतलीय. आणि सिनेमात दाखवलीय ना!" शेजारी उभ्या एका बाबांनी भर घातली, "एंटरटेनमेंट आहे हो, पीएचडी थोडीच करायचीय." तिथं गप्प बसले. घरी आल्यावर मात्र बसवेना, म्हणून हे लिहितेय. मोठं होणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक टाकून पुढं जा.

'तान्हाजी' १० जानेवारी २०२० ला आला. मीही पाहिला, पहिल्याच आठवड्यात, थ्रीडीचा चश्मा लावून. अजय देवगणला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सिनेमाला निखळ मनोरंजन करणारा सर्वोत्तम लोकप्रिय चित्रपट म्हणून आणखी एक. मनोरंजनाचा पुरस्कार, बरं का. इतिहासाचा नव्हे. खुद्द उदयभानाचं काम केलेल्या सैफ अली खाननं नंतर मुलाखतीत सांगून टाकलं, की हा इतिहास आहे असं मला वाटत नाही. म्हणजे ज्यांनी बनवला त्यांना माहीत आहे. ज्यांनी पुरस्कार दिला त्यांनाही माहीत आहे. माहीत नाही ते फक्त आमच्या सोसायटीच्या हॉलला.

आणि माझ्या भाच्याला. त्याचं सांगतेच.

सिनेमा आल्यानंतर पुढच्या हिवाळ्यात कधीतरी मी त्याला सिंहगडावर घेऊन गेले होते. आतकरवाडीतून पायवाटेनं, मुद्दाम, गाडीनं नाही. वर पोचून दही खायला बसलो, तर यानं मडक्यातला चमचा बाहेर काढून दहीवाल्या मावशींना विचारलं, "नागीण तोफ कुठं ठेवलीय?" मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "समदी पोरं हेच इचारत्यात बघा. आता मी कुटनं आणू?" मला हसू आलं. मग हसू गेलं. कारण पोरगा एवढा गड चढून आला होता तो ती तोफ बघायला. तानाजीचा कडा बघायला नाही, समाधी बघायला नाही. व्हीएफएक्सवाल्यांनी कंप्युटरवर केलेली तोफ बघायला.

आता, झालं काय होतं ते थोडक्यात सांगते. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. जून १६६५ चा पुरंदरचा तह. महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा गेला. साडेचार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, तो तानाजींनी परत घेतला. माघ वद्य नवमी. त्या तिथीला चंद्र उगवायला मध्यरात्र उलटून जाते, म्हणजे चढाई मिट्ट काळोखात. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर १६९७ ची, जिंजीत लिहिलेली, घटनेनंतर जेमतेम सत्तावीस वर्षांनी. तीत काय आहे? कड्यावर वानरं चढावीत तसे दोन मावळे आधी चढले. त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, सोडली. तीनशे माणूस वर गेलं, खुद्द तानाजीसकट. वर उदयभान, बाराशे माणसांनिशी. मशाली आणि चंद्रज्योती पेटवून ते चालून आले. प्रहरभर लढाई. तानाजी आणि उदयभान एकमेकांसमोर आले, तानाजींची ढाल तुटली, दुसरी ढाल वेळेवर हाती येईना. मग डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर घाव झेलत लढले. दोघेही ठार. मग भाऊ सूर्याजी पुढं झाला, बिथरलेली माणसं सावरली आणि गड घेतला.

दुसरी ढाल वेळेवर आली नाही. बखर लिहिणाऱ्यानं हे एवढ्याशा वाक्यात लिहून ठेवलंय आणि पुढं गेलाय. मी दरवेळी तिथं थांबते. धुमश्चक्री चालू आहे, कुणीतरी मागं ढाल आणायला धावलंय, आणि समोर तलवार आहे. यात तुम्हाला आणखी काय घालायचंय? कुठली नागीण? घरात आईनं केलेली तुपातली पुरणपोळी समोर असताना तिच्यावर चॉकलेट सॉस ओतण्याचा हा प्रकार आहे.

आणि दुसरी गोष्ट. सभासद तानाजीला आणि उदयभानाला, दोघांनाही, मोठे योद्धे म्हणतो. स्वराज्याचा माणूस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहितोय, तरी शत्रूच्या किल्लेदाराला मोठा योद्धा म्हणायला त्याचा हात अडला नाही. आपल्या सिनेमावाल्यांचा अडतो. त्यांना उदयभान वेडसर, विकृत, बाईमागं लागलेलाच हवा. अरे, समोरचा वेडाच असेल तर त्याच्याशी लढून मरण्यात आपल्या माणसाचा मोठेपणा तो काय राहिला? एवढं साधं कळत नाही?

परत भाच्याकडं येते. दही संपवून आम्ही कड्याच्या बाजूला गेलो. हवा स्वच्छ होती, राजगड दिसत होता, बालेकिल्ल्यासकट. मी बोट करून दाखवला. तो म्हणाला, "आत्या, म्हणजे इथून गोळा सोडला की तिथं पडणार?" सरळ रेषेत धरलं तरी पंधरा किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. त्या काळातल्या कुठल्याही तोफेचा गोळा तिथवर जाणं शक्य नाही. मी त्याला तेच सांगितलं. तो हिरमुसला. मग मी म्हटलं, गोळा नाही जात, पण उजेड जातो. गड घेतल्यावर मावळ्यांनी पागांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं बखरीत आहे. तिकडं राजे रात्रभर अंधारात इकडं डोळे लावून बसलेत आणि एकदम इथं उजेड होतो. पोरगा गप्प झाला. बराच वेळ राजगडाकडं बघत राहिला. सव्वादोन तास थ्रीडीचा चश्मा लावून जे झालं नव्हतं ते तिथं झालं, फुकटात.

मला माहीत आहे खाली कमेंटमध्ये काय येणार. "मग पोवाड्यातल्या घोरपडीचं काय?" हो, घोरपड सभासदात नाही. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात आहे, लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला तानाजी त्यातच आहे. शाहिरानंही रंगवलं. मान्य. पण शाहीर ज्यांच्यासमोर उभा राहून डफावर थाप मारत होता, त्यांच्यातल्या निम्म्यांनी तसले कडे स्वतः चढलेले होते. त्यांना घोरपड म्हणजे काय आणि कडा म्हणजे काय, दोन्ही ठाऊक होतं. आणि घोरपडीनं दोर वर नेला तरी तो धरून चढायचं मावळ्यालाच होतं. त्याच्या तळहाताची सालं निघायची ती निघणारच होती. तोफ आणली की सगळी गोष्टच तोफेची होते. आता काटा येतो तो गोळा सुटतो की नाही याचा. अंधारात तीनशे माणसं आवाज न करता वर येतात, हे बाजूला पडतं.

आता जरा चिडूनच लिहिते, कारण खरा राग वेगळाच आहे.

आपल्याकडं ऐतिहासिक सिनेमावरून वाद होत नाहीत असं नाही. ढीगभर होतात. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'तलं 'पिंगा' गाणं आलं, काशीबाई नाचतीलच कशा म्हणून केवढं काहूर. २०२५ मध्ये 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, तर एवढा गदारोळ झाला की दिग्दर्शकानं तो प्रसंगच काढून टाकला. म्हणजे राजा लेझीम खेळला तर आपल्या भावना दुखावतात. कोंढाण्यावर कपोलकल्पित तोफ चढवली, १६७० च्या लढाईला ट्रेलरमध्ये "सर्जिकल स्ट्राइक" म्हटलं, तर कुणाची भावना दुखावत नाही. अपमान झाला का, एवढंच आपण बघतो. खोटं आहे का, हे कुणी विचारत नाही. गौरव करणारं असलं की कितीही खोटं चालतं, वर शिट्ट्या! मोर्चा काढणाऱ्यांपैकी कितीजणांनी एक बखर उघडून बघितली असेल, हा प्रश्न मी विचारत नाही, कारण उत्तर तुम्हालाही माहीत आहे.

आणि परिणाम होत नाही म्हणता? त्याच 'छावा'नंतर, मार्च २०२५ मध्ये, बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च, कुदळ-फावडी घेऊन शेतं खणत होते. मोगलांचं सोनं शोधायला. सिनेमात बुऱ्हाणपूरची लूट दाखवली होती ना! संभाजी महाराजांनी १६८१ च्या सुरुवातीला बुऱ्हाणपूर लुटलं हे खरं. पण त्या लुटीतलं काही आपल्यासाठी पुरून ठेवलंय असं कुणी सांगितलं? "एंटरटेनमेंट आहे हो." बरं. शेत ज्याचं होतं त्याला सांगा.

हे आपल्याच नशिबी आहे असं नाही म्हणा. स्कॉटलंडचा 'ब्रेव्हहार्ट' आठवतो का, १९९५ चा? त्यात स्टर्लिंगच्या पुलाची लढाई आहे आणि पूलच नाही! सपाट मैदानात दोन्ही फौजा एकमेकांवर धावतात. खरी लढाई सप्टेंबर १२९७ ची. इंग्रज फौज अरुंद लाकडी पुलावरून थोडी थोडी अलीकडं येत होती आणि स्कॉटिश सेनानी विल्यम वॉलेसच्या लोकांनी दम धरला. जेवढी मारता येईल तेवढी अलीकडं येऊ दिली आणि मग तुटून पडले. लढाई जिंकली ती त्या पुलामुळं, आणि सिनेमावाल्यांनी नेमका तोच काढून टाकला. राजगडाखाली वाढलेल्या माणसाला अडचणीची जागा आणि थोडी माणसं हा हिशोब समजावून सांगायला लागत नाही, बाजीप्रभूंची खिंड काय वेगळी होती? गंमत म्हणजे पुढं वॉलेसच्या स्मारकाच्या पायथ्याशी त्याचा पुतळा बसवला, तर त्याला तोंड सिनेमात त्याचं काम केलेल्या मेल गिब्सनचं. आपल्याकडं अजून ते झालं नाही. थांबा, होईल.

पाणी पिऊन आले. जरा शांत झाले.

एक गोष्ट लिहिणं भाग आहे. तो सिनेमा नसता तर माझा भाचा त्या दिवशी गडावर आलाच नसता. घरी मोबाइल घेऊन लोळला असता. जड जातंय, पण खरं आहे. सिंहगडावर त्या वर्षी जी गर्दी झाली ती तानाजीच्या नावानंच झाली, हेही खरं. आणि सिनेमावाल्यांना मोकळीक हवीच. तानाजी आणि सूर्याजी आदल्या रात्री काय बोलले असतील, हे कुठल्याच कागदात नाही, तिथं लेखकानं खुशाल लिहावं. जिथं कागद गप्प आहेत तिथं हवं ते लिहा ना. कागद बोलतोय तिथं त्याच्या तोंडावर हात का ठेवता?

उतरताना मी भाच्याला ढालीची गोष्ट सांगितली. पुणे दरवाज्याच्या पायऱ्यांवर तो मध्येच थांबला, डावा हात कोपरात वाकवून तोंडासमोर धरला आणि मला म्हणाला, "मार." मी हळूच चापट मारली. "अशी नाही, जोरात." मारली. त्याला लागलं असणार, पण हात खाली घेतला नाही. येणारे-जाणारे बघत होते. त्यानंतर खाली गाडी मिळेपर्यंत तोफेचा विषय निघाला नाही.

म्हणून "मुलांना असंच आवडतं" हे मला सांगू नका. मुलांना काय आवडतं ते मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं, कारण मोठ्यांना वाचायचा कंटाळा असतो. मला काळोखातला तो चढ हवाय, मोठ्या पडद्यावर, मागं ढोल न वाजवता. फक्त श्वास आणि सुटणारे खडे. लावा असा सिनेमा, मी तिकीट काढते, पॉपकॉर्नसकट, त्या भावात सुद्धा.

काकांना मी मघाशी मेसेज टाकलाय, पुढच्या वर्षीची संहिता मी लिहून देते म्हणून. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. आणि सभासदाची बखर कुणाला हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, माझ्याकडं जादा प्रत आहे. लहानशी आहे, एका रविवारात होते. फक्त परत करायची.